दिसू नये, पण निघावी

टीव्ही भिंतीवर लावायचा म्हटलं की घरात वाद होतात. किती इंची घ्यायचा, किती उंचीवर लावायचा, सोफ्यासमोरच्या भिंतीवर की देव्हाऱ्याच्या बाजूला, सगळ्यावर दोन मतं असतात. एका बाबतीत मात्र एकमत: वायर दिसता कामा नये. जाहिरातीतल्या टीव्हीला वायर नसतेच, नमुना फ्लॅटमधल्या टीव्हीलाही नसते (तो बहुतेक वेळा चालूही नसतो), मग आपल्याच टीव्हीखाली काळं शेपूट का लोंबावं? इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण या हौसेच्या आडून दुसरं एक मत रुजलं आहे, आणि ते वायरमनपासून गृहसजावटीचे सल्ले देणाऱ्यांपर्यंत सगळे बिनदिक्कत सांगतात. वायर भिंतीत पुरली की ती सुरक्षित झाली, असं ते मत. मला ते मान्य नाही.

शास्त्रार्थाची आपली जुनी रीत अशी, की पूर्वपक्ष प्रतिपक्ष्यानंही मान डोलवावी इतक्या ताकदीनं मांडायचा. तेव्हा तो आधी मांडतो. लोंबती वायर लहान मूल ओढतं, झाडताना ती केरसुणीत अडकते, येताजाता पाय लागतो, आणि दर धक्क्याला प्लग थोडा थोडा सैल होत जातो. भिंतीत झिरी मारून वायर आत बसवली, वरून सिमेंट आणि पुट्टी फिरवली, की हे सगळे धोके एका दिवसात संपतात. शिवाय घरातलं बाकीचं वायरिंग तरी कुठे दिसतं? पंख्याची, गिझरची, एसीची वायर भिंतीतूनच जाते; मग टीव्हीचीच का नको? आणि टीव्ही वीज घेतो किती? एखादा बऱ्यापैकी मोठा एलईडी टीव्ही शंभर-सव्वाशे वॅटचा. म्हणजे अर्धा अँपिअर. एवढ्याशा विजेनं वायर तापणार कशी? राहिली परदेशची गोष्ट. अमेरिकेत घरोघरी लोक भिंतीच्या आतूनच वायर नेतात, आणि ब्रिटनमध्ये तर केबल पाइपसुद्धा न घालता थेट गिलाव्याखाली असते. तिकडे चालतं ते इथे का चालू नये?

हा पूर्वपक्ष बावळट नाही. त्यातलं पहिलं विधान तर पूर्ण खरं आहे. लोंबत्या वायरीचा धोका मोठाच, आणि ती आवरलीच पाहिजे. तापण्याचा मुद्दाही मी त्याला देऊन टाकतो, कारण या बाबतीत त्याच्या विरोधातले लोकच चुकतात. ‘भिंतीत वायर पुरू नका, गरम होऊन आग लागेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा हिशेब करून पाहावा. टीव्हीबरोबर येणारी पॉवर कॉर्ड साधारणपणे 0.75 चौरस मि.मी. तांब्याची असते. अशा तारेचा रोध किलोमीटरला 26 ओहम. कॉर्ड दोन मीटर भिंतीत गेली असं धरलं, तर जाणारी आणि परतीची मिळून तार झाली चार मीटर आणि तिचा रोध 0.1 ओहमच्या जरासा वर. त्यातून अर्धा अँपिअर वाहिला तर उष्णता निघते सुमारे 26 मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा चाळिसावा भाग, आणि तीही दोन मीटर लांबीत पसरलेली. एवढ्यानं भिंतीला कळणारही नाही. सिमेंट वायरीचं आवरण खाऊन टाकतं, हा मिस्त्री लोकांचा आवडता युक्तिवादही तसाच कच्चा आहे. पीव्हीसीला अल्क खूपच सोसतं; आपले वायरिंगचे पाइप पीव्हीसीचेच असतात आणि वर्षानुवर्षं सिमेंटमध्ये सुखानं राहतात.

मग हरकत कशाला? हरकत अशी की वरचा हिशेब फक्त टीव्हीपुरता खरा आहे, आणि भिंत मात्र टीव्हीला विचारून चालत नाही. कॉर्ड पोचत नाही म्हणून पुष्कळ घरांत एक्स्टेन्शनची वायर भिंतीत पुरतात आणि तिचा बोर्ड टीव्हीमागे ठेवतात. आज त्या बोर्डावर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स असतो. दिवाळीच्या सफाईत कुणी तिथेच व्हॅक्यूम क्लीनर लावतं, कुणी इस्त्री. हजार वॅटची इस्त्री घेते साडेचार अँपिअरच्या आसपास. उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गानं वाढते; प्रवाह नऊपट झाला तर उष्णता एक्क्याऐंशीपट. तरीही त्या मार्गावरचा एमसीबी गप्पच राहतो, कारण तो भिंतीतल्या जाड वायरिंगच्या बेतानं, दहा किंवा सोळा अँपिअरचा बसवलेला असतो. त्या बारीक वायरीची त्याला खबरही नसते. याउपर वायर चांगली असेल तर साडेचार अँपिअर ती निभावून नेईलही. जोड सैल असेल तर नाही.

आणि जोड असतोच. टीव्हीच्या कॉर्डचा प्लग साच्यात ओतलेला असतो, तो 20 किंवा 25 मि.मी.च्या पाइपातून जात नाही. मग वायरमन पक्कड घेतो, प्लग कापतो, वायर ओढतो, पलीकडे तारा पिळून वर काळी टेप गुंडाळतो, आणि पुट्टीवाला येण्याआधी तो जोड भिंतीत बसवून टाकतो. वायरिंगच्या संहितांचा सर्वसाधारण आग्रह असतो, की जोड हा उघडून पाहता येईल अशा डबीतच हवा. याचं कारण वायरीचं वागणं. अखंड तार क्वचित दगा देते, जोड हटकून देतो. पिळलेला जोड महिन्यामहिन्यानं सैल होतो, तिथला रोध वाढतो, आणि जी उष्णता दोन मीटरमध्ये पसरायची ती आता नखाएवढ्या जागेत साठते. भिंतीबाहेर असता तर टेप करपल्याचा वास आला असता. भिंतीत तो कुणाच्या नाकापर्यंत पोचणार?

यापेक्षाही मला खरी भीती वाटते खिळ्याची. पुरलेल्या वायरीचा मार्ग ती पुरणाऱ्यालाच ठाऊक असतो, आणि तो दोन वर्षांत विसरतो. घर विकलं गेलं तर माहीत असणारं कुणीच उरत नाही. टीव्हीच्या आसपासची भिंत हीच नेमकी घरातली सर्वांत जास्त ठोकाठोक होणारी. शेल्फ, घड्याळ, फोटो, साउंडबार, दसऱ्याचं तोरण. ड्रिलचं टोक वायरीच्या दोन्ही तारांना एकदम लागलं तर शॉर्ट होऊन एमसीबी पडतो, ठिणगी उडते, सगळे दचकतात, पण गोष्ट तिथेच संपते. टोक एकट्या फेजला लागलं तर काहीच होत नाही, आणि हे ‘काहीच होत नाही’ घातक आहे. बहुसंख्य टीव्हींची कॉर्ड दोन तारांची असते, तिच्यात अर्थिंग नसतं. त्यामुळे खिळ्यातून अर्थकडे जायला विजेला वाट नाही, एमसीबी पडायला कारण नाही, आणि खिळा 230 व्होल्टवर शांतपणे बसून राहतो. कोरड्या उन्हाळ्यात कदाचित कुणाला कळणारही नाही. जुलैत भिंतीला ओल आली, कुणी फ्रेम पुसायला ओला हात लावला, की कळतं. अशा वेळी वाचवतो तो एमसीबी नव्हे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर. आणि किती जुन्या इमारतींत तो बसवलेला आहे ते आपापल्या दारामागच्या बोर्डावर टेस्टचं बटण शोधून पाहावं.

आता ‘बाकीचं वायरिंग तरी भिंतीतच असतं ना’ या युक्तिवादाकडे येऊ. तो वरवर बिनतोड वाटतो. पण आपण ज्याला कन्सील्ड वायरिंग म्हणतो, त्यात वायर पुरलेली नसते. पुरलेला असतो पाइप. वायर त्याच्या आत मोकळी असते. खराब झाली तर एका टोकाला नवी बांधून दुसऱ्या टोकानं जुनी ओढली जाते, पलिस्तराचा एक कण न सांडता. पाइप कुठून गेला याचा अंदाज दोन टोकांच्या डब्यांवरून लागतो, आत अर्थिंगची तार असते, आणि एमसीबी त्याच वायरीच्या जाडीला मोजून लावलेला असतो. या चारही गोष्टी पुरलेल्या कॉर्डमध्ये नाहीत. दोन्ही वायरी ‘भिंतीत’ आहेत म्हणून त्यांना एका पंक्तीला बसवणं, हा नैयायिकांच्या भाषेत अतिव्याप्तीचा दोष झाला.

परदेशचा दाखला देणाऱ्यांनी परदेशची भिंत पाहिलेली नसते. अमेरिकेतलं सर्वसाधारण घर लाकडी सांगाड्याचं. 16 इंचांच्या अंतरानं उभे लाकडी खांब आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. मधे पोकळी. तिथे वरच्या भोकातून सोडलेली केबल खालच्या भोकातून हातात येते, म्हणून न्यू जर्सीच्या मावसभावानं पाठवलेल्या व्हिडिओत सगळं काम वीस मिनिटांत उरकतं. पण त्या व्हिडिओत जे नीट दाखवलेलं असतं तेही लोक पाहत नाहीत. त्याच अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता, तिच्या चारशेव्या कलमात, लवचीक कॉर्ड भिंतीच्या आत लपवायला आणि कायमच्या वायरिंगऐवजी वापरायला स्पष्ट मनाई करते. भिंत पोकळ असूनही! म्हणून तिकडे टीव्हीमागे खोलगट सॉकेट बसवतात, त्याला आतून पक्क्या वायरिंगची केबल जोडतात, आणि टीव्हीची कॉर्ड त्या सॉकेटात बाहेरच्या बाहेर लागते. भिंतीतून नेलेली एचडीएमआय केबलसुद्धा त्या कामासाठी प्रमाणित केलेली घेतात. ते प्रमाणपत्र पोकळ भिंतीतून आग वर चढू नये यासाठी असतं. आपल्याकडे हौशी मंडळी तीच महागडी केबल मागवतात आणि सिमेंटमध्ये लिंपून टाकतात. प्रमाणपत्राचा त्या लिंपण्याशी काही संबंध नाही.

ब्रिटनचा दाखला जास्त वजनदार आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तिथे केबल खरोखरच गिलाव्याखाली बिनपाइपाची जाते. म्हणजे पाइपात काही जादू नाही, हे कबूल करायला हवं. पण ती केबल पक्क्या वायरिंगची, दुहेरी आवरणाची, मधे अर्थची तार असलेली. तिचा मार्गही ठरवून दिलेला. सॉकेटपासून सरळ उभी किंवा सरळ आडवी, नाहीतर छताच्या किंवा कोपऱ्याच्या 150 मि.मी.च्या आतून. तिरकी नाही, वळणाची नाही. सॉकेट दिसलं की त्याच्या नेमकं वर, खाली, डावी-उजवीकडे खिळा मारायचा नाही, हे त्यामुळे कुणालाही सांगता येतं. आणि ती 50 मि.मी.पेक्षा कमी खोल असेल तर 30 मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण सक्तीचं. थोडक्यात, ब्रिटिशांनी पाइप काढला तो त्याच्या बदली तीन बंदोबस्त करून. आपण त्यांच्याकडून पाइप काढणं तेवढं घेतलं.

आपल्या भिंतीची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण झिरी मारणं हे काम आपल्याकडे खिळा ठोकण्याइतकं किरकोळ समजलं जातं. कटर मशीन आलं, धूळ उडाली, संध्याकाळपर्यंत झिरी तयार. विटांच्या भारवाही भिंतींसाठीचं भारतीय मानक 1905 सांगतं, की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एकषष्ठांशापेक्षा. अर्ध्या विटेच्या भारवाही भिंतीत तर झिरी मारूच नये. फ्लॅटमधली साडेचार इंची भिंत बहुधा भार घेत नाही, तिला हा नियम अक्षरशः लागू नाही. तरी प्रमाण काय सांगतं ते पाहा. भिंत 115 मि.मी. उभ्या झिरीला 38 मि.मी. मिळतात, आडवीला जेमतेम 19. आडव्या झिरीत 25 मि.मी.चा पाइप घातला तर तो विटेच्या बाहेर डोकावतो आणि 12 मि.मी.च्या गिलाव्यात त्याच्यावर पापुद्रा उरतो फक्त 6 मि.मी.चा. वर्षभरात नेमकी तिथेच रेघ उमटते आणि दोष रंगाऱ्याला जातो. त्यात पलीकडच्या बेडरूमचा टीव्हीही त्याच भिंतीवर असेल आणि त्यानंही त्याच उंचीवर झिरी मारली असेल, तर मधे भिंत म्हणून किती उरलं? आडवं न जाता उभं जावं, हा सल्ला दिसायला क्षुल्लक आहे, पण या आकड्यांतूनच तो निघतो. गिरगाव-दादरच्या किंवा पुण्यातल्या पेठांतल्या जुन्या इमारतींत, जिथे छत विटांच्या भिंतीवरच उभं आहे, तिथे हा सल्ला उरत नाही, तो नियमच होतो.

हलक्या एएसी ब्लॉकची भिंत कापायला लोण्यासारखी. म्हणूनच तिथे झिऱ्या गरजेपेक्षा रुंद होतात. तिच्यात ब्रॅकेटचा साधा प्लगही नीट धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग किंवा केमिकल अँकर लागतात. वायरीच्या काळजीत टीव्हीच खाली येऊ नये म्हणून एवढं सांगितलं.

काँक्रीटला मात्र हातच लावू नये. टीव्हीची जागा खांबावर आली तर वायरमन ‘थोडंसंच कापतो’ म्हणतो. भारतीय मानक 456 प्रमाणे खांबातल्या उभ्या सळ्यांवर किमान 40 मि.मी. काँक्रीटचं कवच हवं, आणि रिंगा तर त्याहूनही बाहेरच्या बाजूला असतात. या कवचात पाइपापुरती झिरी मारली की कटर रिंगेला भिडायला वेळ लागत नाही. सळई उघडी पडली, वर नुसतं सिमेंट लिंपलं, मुंबईची दमट हवा आहेच. अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या नव्या उंच इमारतींत तर खोल्यांच्या भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे पाइप ओतण्याआधी सळ्यांबरोबर बांधलेले असतात. नंतर हौस झाली म्हणून कापाकापी करायची सोय नाही, आणि सोसायटीनं परवानगी द्यावी असं ते कामही नाही.

पुरण्याच्या विरोधातला माझा सर्वांत जवळचा युक्तिवाद विजेचा नाही, चित्राचा आहे. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर 2002 मध्ये आली. 2009 च्या 1.4 आवृत्तीत सेकंदाला 10.2 गिगाबिट जात होते, 2013 च्या 2.0 मध्ये 18, 2017 च्या 2.1 मध्ये 48. ज्यानं 2010 मध्ये घर सजवताना चांगली, महाग केबल भिंतीत लिंपली, त्याच्या भिंतीत आज अशी केबल आहे जिची नव्या टीव्हीच्या पूर्ण चित्राला पुरण्याची खात्री नाही. भिंत पन्नास वर्षांची, केबल सात वर्षांची. जे आधी जुनं होणार ते बदलता यावं, इतका साधा विवेक आपण पाण्याच्या नळात पाळतो आणि टीव्हीत विसरतो. या जागी कुणी म्हणेल, आता सगळं वायफायवर येतं, केबल हवी कशाला? खरं आहे, पुष्कळ घरांत टीव्हीला विजेपलीकडे काही जोडावंच लागत नाही. मग त्या घरांत पुरलेली केबल निरुपयोगी ठरली, आणि रिकामा पाइप मात्र उद्या जे काही येईल त्याची वाट पाहत बसला आहे.

झिरी नको असणाऱ्यांनी अलीकडे एक मधला मार्ग काढला आहे: टीव्हीमागे प्लायचं किंवा लुव्हर्सचं पॅनेल, आणि वायरींचा सगळा गोतावळा त्याच्या मागच्या दोन इंचांच्या पोकळीत. भिंत फोडली नाही, वायर दिसत नाही, सगळे खूश. पण ही तर सर्वांत वाईट युक्ती, कारण तिच्यात एक्स्टेन्शन बोर्ड आत जातो. भिंतीतलं सिमेंट निदान जळत नाही. इथे सैल सॉकेटच्या भोवती कोरडं लाकूड, साचलेली धूळ आणि उंदराला निवांत बसून कुरतडायला जागा असते. पॅनेल करू नये असं माझं म्हणणं नाही. त्याचा एक भाग स्क्रू न काढता उघडेल असा असावा आणि त्यामागे बोर्ड नसावा, पक्कं सॉकेट असावं, एवढंच. सुतार कुरकुरतो, कारण लॅमिनेटची रेघ तुटते. तुटू द्यावी.

इतकं खंडन झाल्यावर उत्तरपक्ष मांडणं भाग आहे. तो असा, की भिंतीच्या आत फक्त तेच जावं जे भिंत न फोडता बाहेर काढता येतं. टीव्हीची कॉर्ड आत जाण्याची गरजच पडू नये. जवळच्या स्विचबोर्डापासून पाइपातून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा नेऊन टीव्हीच्या मागेच सॉकेट काढावं. टीव्हीला आज अर्थ लागत नसला तरी उद्याच्या साउंडबारला लागेल. सॉकेट नेमकं मध्यावर नको, तिथे ब्रॅकेट येतं. टीव्हीच्या आडोशात पण ब्रॅकेटच्या बाजूला. भिंतीला चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटमागे जागा इतकी कमी असते की साधा प्लग आणि त्यावर अडॅप्टर तिथे मावत नाही, कॉर्ड मुडपते. म्हणून सॉकेटची डबी खोल हवी.

आणि त्या सॉकेटचा स्विच टीव्हीमागे नको, तो हाताशी असलेल्या बोर्डावर यावा. हा मुद्दा अमेरिकी व्हिडिओत सापडणार नाही, कारण सॉकेटशेजारी स्विच ही आपली पद्धत. तो टीव्हीमागे गेला तर टीव्ही कायमचा चालू राहतो, आणि जूनमध्ये वीज कडाडू लागली की प्लग काढायला निघालेला माणूस 55 इंचांच्या काचेमागे हात घालून चाचपडतो. साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. विदर्भ-मराठवाड्यात जिथे विजांचा मारा जास्त, तिथे दोन्ही तारा तोडणारा डीपी स्विच बसवावा. डिशची केबल गच्चीवरून येत असेल तर तीही सोडवता आली पाहिजे. विजेला ती वेगळी वाट आहे.

संदेशाच्या केबलींसाठी दुसरा, वेगळा पाइप. तो ऐसपैस हवा, 50 मि.मी.चा, जमलंच नाही तर 40. एचडीएमआयचं टोक 20 च्या पाइपात शिरत नाही. वळणं मोठ्या बेंडची, काटकोनी एल्बो नको. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. दोन पाइप वेगळे का, तर ‘चित्रात खरखर येते’ असं उत्तर मिळतं. अर्ध्या अँपिअरच्या वायरीमुळे चांगल्या जाळीच्या केबलमध्ये खरखर येण्याचा संभव कमीच. खरं कारण असं, की कधी विजेच्या वायरीचं आवरण फाटलं तर ती जाळी जिवंत होऊ नये, कारण जाळीचं दुसरं टोक गच्चीवर किंवा केबलवाल्याच्या खांबावर असतं. केबलच्या पिनेला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या मात्र बहुधा वेगळ्या. त्या टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या पॉवर सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरमधून येतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. झिरी बुजवण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढावा आणि त्याची प्रत मुख्य बोर्डाच्या झाकणात चिकटवावी. यात खर्च काहीच नाही, म्हणून कुणी करत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत रोकडा असतो. हे सगळं नव्या घराचं झालं. आमचं घर रंगून बसलंय, किंवा भाड्याचं आहे, तिथे काय? तिथे भिंतीवरची पीव्हीसी पट्टी, आणि ती लावताना खाली मान घालायचं कारण नाही. आपल्या आजोबांच्या घरात सगळं वायरिंग बाहेरूनच होतं. लाकडी पट्टी, पत्र्याच्या क्लिपा, ओळंब्यात उतरणाऱ्या तारा. जुना वायरमन त्या सरळ रेघेवर आपली अब्रू मोजत असे. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतरची कित्येक वर्षं अँटेनाची चपटी वायर गच्चीवरून उघडपणे खिडकीतून आत यायची. लपवायचे ते टीव्हीला, लाकडी शटरच्या कपाटात. उघड्या वायरीची लाज ही त्यामानानं अलीकडची गोष्ट आहे.

पट्टी बोर्डापासून सरळ उभी न्यावी, किंवा स्कर्टिंगच्या कडेनं आणि मग टीव्हीच्या मध्यरेषेवरून वर, म्हणजे डोळा तिला टीव्हीचाच भाग समजतो. विजेला एक, केबलींना एक. भिंतीच्या रंगात रंगवली तर दहा फुटांवरून ती दिसत नाही. नुसत्या दुहेरी टेपवर विसंबू नये, पावसाळ्यात ती सुटते. दोन-दोन फुटांवर बारीक स्क्रू मारावा. बोटानं झाकण उघडतं, वायर बदलते, झाकण बसतं. अकरा महिन्यांचा करार संपला की पट्टी काढून पुढच्या घरी नेता येते, आणि घरमालकाच्या भिंतीवर उरतात ती ब्रॅकेटची चार आणि पट्टीची पाच-सहा भोकं, दुपारभरात पुट्टीनं बुजणारी.